दोनशे चारमधला ओटा

बदलापूर पूर्व
१० नोव्हेंबर २०२४

विठा,

जय भीम. तू राम राम म्हणालीस असं धरून पुढे लिहिते.

अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. बारीक तुला लागत नाही आणि चष्म्याचा नंबर तपासायला तू जाणार नाहीस, हे अठ्ठावीस वर्षांची शेजारीण म्हणून मला ठाऊक आहे. हे पत्र भाच्याकडून वाचून घेऊ नकोस. दोन वर्षं रोज संध्याकाळी तुला अक्षरं गिरवायला लावली ती काय सोनूने वाचून दाखवावं म्हणून? तुला सात वेळा फोन केला. सातही वेळा सोनूनेच उचलला आणि म्हणाला, "आत्या शेतात गेलीय." भात कापून, झोडून झालं असेल आता. शेतात बसून तू करतेस तरी काय?

मला इथे येऊन महिना झाला. माझ्या दोनशे तीनमध्ये सगळं लावून झालं. बाबासाहेबांची तसबीर आणि धम्मदीपच्या पप्पांचा हार घातलेला फोटो दारातून आत येताच दिसेल असा लावला आहे. धम्मदीप पुण्याहून दोन दिवस आला, पडदे टांगले, गॅस जोडला आणि गेला. जाताना म्हणाला, "आई, आता आराम कर." आराम कसा करतात ते मात्र सांगून गेला नाही.

इथे फार शांत आहे. कॅम्प पाचला आपल्या मागच्या भिंतीला लागून जीन्सची मशिनं चालायची तेव्हा आपण दोघी कारखानेवाल्याच्या नावाने बोटं मोडायचो. इथे कुकरची शिट्टी झाली तर समोरची बाई दार उघडून बघते. मी कारखान्यातलं काम सोडलं त्या दिवशी आमचा सेठ म्हणाला होता, "बाई, बदलापूर में तो कुत्ता भी सोच के भौंकता है. पैसा देके सन्नाटा खरीद लिया आपने." तेव्हा मी हसले होते. आता बाल्कनीत बसते, समोरचा डोंगर बघते आणि सेठ आठवतो.

आता मुद्द्याचं. परवा मुरबाडहून तुझे कोंडाजीदादा एका तरुण जोडप्याला घेऊन इथे आले होते. माझ्या दारावरून गेले, पण आत डोकावले नाहीत. बिल्डरच्या विनीतने त्याच्याकडच्या किल्लीने दोनशे चार उघडून दिलं. मागाहून मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "मावशी, पार्टी होती. विकायचंय ना त्यांना." तुझ्या नावावरचं घर, माझ्या भिंतीला भिंत लागून असलेलं, ते विकायला काढलं आहे हे मला विनीतने सांगावं?

त्या जोडप्यातली मुलगी स्वयंपाकघरात गेली आणि मला इकडे ऐकू येईल अशी म्हणाली, "इथे ओटाच नाहीये. किचन आहे का बेडरूम?" मग दोघं निघून गेली. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

एवढंच विचारते. घर तू विकते आहेस, की दादा विकतायत? उत्तर तुझ्या हातचं हवं.

तुझी
कुमुदिनी


१ डिसेंबर २०२४

विठा,

तुझं उत्तर नाही. पोस्टमनला दोनदा अडवून विचारलं. तो आता मला बघितलं की सायकल दुसऱ्या गल्लीत घालतो.

मी परत लिहिते आहे ते भांडायला नाही. आज रविवार आहे आणि रविवारी मला करमत नाही. आठवतंय ना, दोन वर्षं आपण दर रविवारी घरं बघत फिरलो? तुझी शहाडच्या कँटीनची नोकरी संपत आली होती, माझे डोळे धागे कापून कापून दमले होते. आणि कॅम्पातली आपली खोल्यांची लाइन पाडणार, पाडणार, अशी आवई दर पावसाळ्याआधी उठायची. सकाळी डोक्याला तेल लावून, चांगली पातळं नेसून आपण निघायचो. अंबरनाथ पूर्वेला किती सँपल फ्लॅट बघितले ते तुलाही सांगता येणार नाही. घर कसंही असलं तरी कोल्ड्रिंक मात्र आपण सोडलं नाही. एका ठिकाणी तर तू दुसऱ्यांदा मागून घेतलंस आणि त्या टायवाल्या मुलाला म्हणालीस, "बाळा, संडास दाखव आधी. हॉल सगळेच दाखवतात."

जो तो विचारायचा, "बहिणी का?" तू म्हणायचीस, "नाय, शेजारणी. शेजारीच ऱ्हायाचंय." त्यांना ते कळायचंच नाही. दोन शेजारणी मिळून शेजारी-शेजारी घर घेतात, असं त्यांच्या फॉर्मात कुठे लिहायला जागाच नसायची.

आणि ते एक ऑफिस आठवतंय? तिसऱ्या मजल्यावरचे दोन फ्लॅट शिल्लक आहेत म्हणून त्याने आपल्याला बसवलं, चहा मागवला. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्याने वहीत बघितलं आणि म्हणाला, "सॉरी, एकच शिल्लक आहे." तुझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुमचं करून टाकू का?" मी खाली मान घालून पर्सची चेन लावत होते. तू उठलीस. चहा अर्धा टाकलास. तू चहा टाकलास, विठा, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्याला म्हणालीस, "हिला नसंल तर मला पण नको. आन् चहात साखर कमी हाय." आपण जिना उतरून खाली रस्त्यावर आलो. मग तू म्हणालीस, "चल, वडापाव खाऊ."

त्या दिवशी मी ठरवलं होतं की म्हातारपण या बाईच्या शेजारी काढायचं.

म्हणून एकोणतीस सप्टेंबरचा रविवार मला गिळता येत नाही. चाव्या मिळाल्या होत्या. तू दादांना घर दाखवायला मुरबाडहून बोलावलंस. ते स्वयंपाकघरात उभे राहिले आणि म्हणाले, "इथं चूल कुठं मांडायची?" मी म्हणाले, "दादा, चूल कशाला? माझ्याकडे आहे की ओटा, दोघींचं तिथेच होईल." त्यावर माझ्याकडे न बघता ते तुला म्हणाले, "म्हंजी आता म्हातारपणी तू त्यांच्या घरचं खायाचं?"

त्यांच्या घरचं. मला दादांचा राग नाही. ते तसेच आहेत, अठ्ठावीस वर्षांत जेव्हा जेव्हा आपल्या लाइनीत आले तेव्हा माझ्या घरचं पाणी त्यांनी घेतलं नाही, "आत्ताच पिऊन आलो" म्हणायचे. मला राग तुझा आला. त्या ऑफिसात माझ्यासाठी चहा टाकणारी तू, त्या दिवशी गप्प उभी राहिलीस. भिंतीकडे बघत. मग किल्ली माझ्या हातात ठेवलीस आणि त्यांच्याबरोबर निघून गेलीस.

तू आलीस त्या पहिल्या दिवशी, एकोणीसशे शहाण्णव साली, तुझ्याकडे स्टोव्हला रॉकेल नव्हतं. नवरा कामावर गेलेला. आमच्या सासूबाईंनी तुला भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. लाइनीतल्या दोघी-तिघी दारात उभ्या राहून बघत होत्या. तू सगळी भाकरी खाल्लीस आणि म्हणालीस, "अजून हाय का?" पुढे नवरा गेला, मूलबाळ नाही, तरी तू माहेरी गेली नाहीस. आपल्या लाइनीतच राहिलीस. तुझ्या सोमवारचा उपास मी मानत नाही, पण त्याचं शेंगदाण्याचं कूट कोण करत होतं?

ती बाई कुठे गेली, ते मला सांग.

कुमुदिनी


२९ डिसेंबर २०२४

विठा,

मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं नाही. लिहून पोस्टात टाकलं आणि घरी येईपर्यंत मला ते कळलं होतं, पण पेटीत हात घालून पत्र काढता येत नाही.

काल अंबरनाथला बाजारात तुमच्या कँटीनची बकुळा भेटली. मेथी निवडून घेत होती. मला बघताच म्हणाली, "विठाचा ओटा कसा झाला गं? मापाचा झाला ना? आम्हाला तर कँटीनमधे दुसरं काय ऐकवलंच नाय तिने." मी म्हणाले, "झाला." आणि मेथी न घेताच निघाले.

तर आता ऐक. तू गप्प का बसलीस ते मला ठाऊक आहे. त्याच दिवशी ठाऊक होतं.

तू बुटकी. चिडू नकोस, आहेसच. कँटीनचे ओटे पंजाबी आचाऱ्याच्या उंचीचे. बावीस वर्षं तू लाकडी खोक्यावर उभी राहून डाळ घाटलीस. एकदा खोकं सरकलं आणि हातावर आमटी सांडली. त्याचा डाग अजून आहे. आपल्या खोलीत तर ओटाच नव्हता, खाली बसून स्टोव्ह. घर बुक केलं तेव्हा विटांच्या त्या सांगाड्यात उभी राहून तू विनीतला म्हणालीस, "माझा ओटा खाली पायजेल. माझं माप मी सांगंन." विनीतने डायरीत लिहून घेतलं. त्या दिवशी परत येताना शेअर रिक्षात तू दुसरं काही बोलली नाहीस. कडाप्पा नको, ग्रॅनाइटच. काळा नको, बदामी. मी "हो हो" करत होते.

पुढच्या महिन्यात तू तापाने झोपली होतीस म्हणून मी एकटीच साइटवर गेले. विनीत टाइल्सचं विचारत होता. म्हणाला, "मावशी, दोनशे चारचा ओटा किती हाइटला? त्या मावशींनी सांगितलं नाही अजून." मी म्हणाले, "ओटा नको तिथे. आमचं एकच घर आहे. तिथे खिडकीशी दिवाण टाकायचा, डोंगर दिसतो." त्याने विचारलं, "त्यांना विचारलं का? एकदा टाइल्स लागल्या की परत तोडफोड नको." मी म्हणाले, "मी सांगते ना." त्याने ती ओळ खोडली. मी बघत होते.

तुला मी सांगितलं नाही. मनात म्हटलं, आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राबली, आता बसून खाऊ दे. चावी मिळाली की कशी चकित होईल. तू मला मुकादम म्हणतेस ते उगीच नाही. कारखान्यात वीस बायांवर देखरेख केली, तशी तुझ्यावरही करायला गेले.

पण हेसुद्धा अर्धंच आहे. आता लिहायलाच बसले आहे तर पूर्ण लिहिते. मला भीती वाटली. तुझा ओटा झाला, मापाचा, बदामी रंगाचा, तर तू तुझ्या घरात रांधशील, तुझ्या घरात जेवशील आणि दार लावून घेशील. धम्मदीपचे पप्पा गेल्यापासून मला एकटीने जेवता येत नाही. तू रोज ताट घेऊन यायचीस म्हणून चार घास जायचे. इथे फ्लॅटची दारं बंद असतात, विठा. लाइनीत दारं उघडी असायची म्हणून आपण एकमेकींकडे जायचो. इथे कुणी कशाला येईल? म्हणून तुझा ओटा मी काढून टाकला. तुला आराम मिळावा म्हणून नाही. तू माझ्या ताटाशी यावीस म्हणून.

दादा ते बोलले तेव्हा तू भिंतीकडे बघत होतीस. त्या भिंतीला तुझा ओटा असायला हवा होता. आणि तू काही बोलायच्या आत मीच बोलले. मागच्या पत्रात ते लिहायचं मी टाळलं. मी म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं खाल्लंस तेव्हा भावाला विचारलं नव्हतंस." दादांसमोर म्हणाले. जे तू मायेने खाल्लंस ते मी तुला मोजून दाखवलं.

मला त्याची लाज वाटते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, धम्मदीपलाही नाही.

कुमुदिनी


१९ जानेवारी २०२५

विठा,

तू लिहीत नाहीस ते बरोबरच आहे. मीही लिहिलं नसतं.

हे पत्र कामाचं आहे. विनीतकडे जाऊन आले. त्याने आधी कपाळाला हात लावला. "मावशी, तुम्ही दोघी एकदा बसून फायनल करा ना. मी बोललो होतो." मी म्हणाले, "चूक माझी आहे, ओरड मला." मग तो बिचारा नरमला. त्याच्या ओळखीचा गवंडी आहे. भिंतीच्या टाइल्स ओट्यापुरत्या काढून, दोन दिवसांत ओटा बांधून देईन म्हणतो. अंबरनाथ पूर्वेला एका दुकानात मी बदामी ग्रॅनाइट बघून ठेवला आहे. घेतलेला नाही. बघून ठेवला आहे.

गवंडी म्हणाला, "हाइट सांगा बाई, उद्याच चालू करतो. नायतर नेहमीचीच घेऊ, तेहेतीस इंच?" माझ्या जिभेवर आलं होतं, अठ्ठावीस घे. तू माझ्या खांद्याला लागतेस, अंदाज करायला काय लागतं? पण अंदाज केला नाही. त्याला म्हणाले, "घरमालकीण सांगेल." तो म्हणाला, "मग कधी?" मी म्हणाले, "ते पण तीच सांगेल."

दोनशे चारची किल्ली माझ्या डब्यात आहे. आजवर मी ते दार उघडलेलं नाही. धूळ साठली असेल, खिडकीत कबुतरं बसत असतील, हात शिवशिवतात माझे, तरी उघडलेलं नाही. तू सांगितल्याशिवाय झाडूसुद्धा मारणार नाही.

विकायचं असेल तर वीक. त्या जोडप्यासारखंच कुणीतरी येईल, चांगली माणसं असतील. मी त्यांना साखर, विरजण काय लागेल ते देईन. पण ओटा आधी होऊ दे. तुझ्या मापाचा. मग त्यावर कुणीही रांधो, त्या घरात एकदा तरी तुझं माप लागलेलं असेल.

दादा काय म्हणाले ते मी मनातून काढून टाकलं, असं लिहिणार नाही. निघत नाही. तुझ्याही मनातून माझं बोलणं निघणार नाही. ते राहू दे तिथे.

माप तेवढं कळव.

कुमुदिनी


मु. पो. मुरबाड
३ फेब्रुवारी २०२५

कुमुद,

राम राम. तुझा जय भीम पोचला.

तुझी चारी पत्रं मी वाचली. एकेकाला दोन दोन दिवस लागले. सोनूला हात लावू दिला नाही. लिहायला त्याहून जास्त लागतात म्हणून उशीर.

मी शेतात बसत होते ते खरं आहे. घरात वहिनीचा ओटा आहे. तो पण उंच आहे.

ते तू बोललीस ते मला लागलं. दादाचं नाही लागलं, तुझं लागलं. ओट्याचं पण लागलं. विचारलं असतंस तर मी दिवाणाला पण हो म्हटलं असतं. विचारलं नाहीस. आता विचारलंस.

घर मी विकत नाही. दादा विकत होता. त्याला सांगितलं, कागदावर अंगठा नाही माझा, सही आहे. ती मी करत नाही. त्याने चार दिवस बोलणं टाकलं. आता बोलतो.

इंच मला कळत नाहीत. सोबत सुतळी पाठवली आहे. माझ्या मापाने कापली आहे. गाठीकडचं टोक जमिनीला धर आणि वरचं टोक ओटा. एक बोट वर नको. गवंडी हसला तर हसू दे. बदामी ग्रॅनाइट घे. दार उघड आणि झाडू मार, मी सांगते.

तुझ्या अंगाला सुतळी लावून बघशील, मला ठाऊक आहे. तुला ती फार खाली येईल. त्या ओट्यावर तुझी कंबर मोडेल. म्हणून तू तिथे हात लावायचा नाही. तू खाली पाट घेऊन बसायचं आणि मी वाढीन.

होळीच्या आधी येते. सकाळचं जेवण माझ्याकडे. रात्रीचं तुझ्याकडे. सोमवारचं कूट तुझ्याकडचं.

दादा मला पोचवायला येणार आहे. त्या दिवशी माझ्याकडे गॅस जोडलेला नसेल. आम्हा दोघांचं जेवण तुझ्याकडे टाक. त्याला सांगून ठेवलं आहे. आधी गोठ्यात जाऊन आला. मग म्हणाला, "भाकरी तांदळाची करंल का ती?"

विठा